मध्यरात्रीचे स्तोत्र

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त नाशिक रोड येथे भरलेल्या सभेत एका धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मी आपणांपुढे चार शब्द बोलावे अशी चालक मंडळींची इच्छा. आणि विषयही त्यांनीच नेमून दिला, तो म्हणजे ‘संकटकाळी ईश्वरस्तुती’. विषय ऐकून प्रथम मला समाधानच वाटले. अशा विषयावर बोलण्यास धर्मोपदेशकाला फारसे सायास पडत नाहीत. वचने तोंडपाठ असतात आणि श्रोतेही मान डोलावतात. परंतु त्याच आठवड्यात एक लहानसा प्रसंग घडला आणि माझे हे समाधान पार मावळले.

आपल्याच धर्मग्रामातील एक वृद्ध आजी मिस्सा आटोपल्यावर मजकडे आल्या. त्यांचा कर्ता मुलगा २०२१ सालच्या एप्रिल महिन्यात महामारीने गेला. शेवटच्या वेळी त्याचे तोंडही त्यांस पाहावयास मिळाले नाही. मला म्हणाल्या, “फादर, महोत्सवाला मी येईन. मिस्सालाही बसेन. पण ते उपकारस्तुतीचं गाणं माझ्या तोंडून निघायचं नाही. तुम्ही रागावू नका, आणि देवानंही रागावू नये.” एवढे बोलून त्या काठी टेकीत निघून गेल्या. मी फाटकापाशी तसाच उभा राहिलो. वचने सारी पाठ होती, पण त्यांतील एकही ओठांवर आले नाही. आज मी जे बोलणार आहे ते म्हणजे त्या आजींना द्यावयाचे राहून गेलेले उत्तर होय.

त्या वर्षी आपल्या नाशिककरांनी काय भोगले ते मी सांगावयास नको. २०२० च्या मार्च महिन्यापासून देवळांची दारे लागली. ज्या वेदीपाशी आपले लग्न लागले, लेकरांचा बाप्तिस्मा झाला, तिच्यापाशी येण्याची आपणांस मनाई झाली. पुढल्या वर्षी २१ एप्रिल रोजी शहरातील एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि त्या एका दिवशी २२ रुग्ण दगावले. आज या मंडपात बसलेल्या कित्येक कुटुंबांत एक जागा रिकामी आहे. अशा मंडळींनी महोत्सवाच्या दिवशी ‘ते देऊम’ हे ख्रिस्तसभेचे प्राचीन उपकारस्तोत्र कोणत्या तोंडाने गावे? हा प्रश्न आजींचा एकटीचा नाही. तो आपणां सर्वांचा आहे. त्यांनी तो बोलून दाखविला, एवढेच.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण एका तुरुंगात जाऊ. नाशिक रोडच्या रहिवाशांस तुरुंगाची ओळख करून द्यावी लागत नाही. आपल्या एका रस्त्याचे नावच मुळी जेल रोड. मध्यवर्ती कारागृहाच्या त्या उंच भिंतीवरून आपली मुले रोज शाळेत जातात. भिंतीआडच्या माणसांचा विचार आपण क्वचितच करतो. परंतु तुरुंगाच्या भिंतीआडूनही प्रेमाचा शब्द बाहेर येऊ शकतो, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारी महिन्यात, अवघ्या काही दिवसांत, ‘श्यामची आई’ लिहून काढली ती नाशिकच्या तुरुंगातच. ज्या पुस्तकाने घरोघरच्या वाचकांचे डोळे पाणावले, ते बंदिवासात जन्मास आले.

मला सांगावयाचा तुरुंग मात्र मासेदोनिया प्रांतातील फिलिप्पै नगराचा आहे, आणि त्याची हकिकत प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात आली आहे. संत पौल व त्यांचा सोबती सीला यांनी एका गुलाम मुलीची भूतबाधेतून सुटका केली. तिच्या भविष्यकथनावर तिचे धनी पैसा मिळवीत असत. तो धंदा बुडाला, म्हणून त्यांनी या दोघांस चव्हाट्यावर ओढून नेले. न चौकशी, न न्याय! त्यांचे कपडे फाडले, छड्यांनी पाठी फोडल्या आणि त्यांस आतल्या कोठडीत लोटून त्यांचे पाय खोड्यात अडकविले. आणि मध्यरात्रीच्या सुमारास ते दोघे प्रार्थना करू लागले, परमेश्वराची स्तोत्रे गाऊ लागले.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणूनच तिच्यातील तीन बारीकशा बाबी आपल्या नजरेतून निसटतात. त्या आज नीट पाहू.

पहिली बाब अशी की, गाणाऱ्यांच्या पाठीवरील जखमा ओल्या होत्या. त्या कोणी धुतल्या नव्हत्या. म्हणजे स्तुती ही जखम बरी झाल्यानंतरची गोष्ट नव्हे, आणि जखम झालीच नाही असे भासविण्याची तर मुळीच नव्हे. आपल्यातील काही भाविक माणसे सद्भावनेने एक चूक करतात. शोकाकुल घरी जाऊन ती म्हणतात, “रडू नका, देवाची इच्छा, त्याचे आभार माना.” असे बोलणे म्हणजे स्तुती नव्हे, ते दुसऱ्याच्या जखमेवर झाकण ठेवणे आहे. स्तोत्रसंहितेत आक्रोशाची स्तोत्रे थोडीथोडकी नाहीत. प्रभू येशू स्वतः लाजराच्या थडग्यापाशी रडले. क्रुसावर त्यांनी पित्याला ‘का’ म्हणून विचारले, तेही एका स्तोत्राच्याच शब्दांनी. जो देवापाशी रडतो, तो देवाला पाठमोरा झालेला नसतो. मृत्यूला चांगले म्हणावे असे पवित्र शास्त्र कोठेही सांगत नाही. संत पौलांनी तर मृत्यूला शेवटचा शत्रू म्हटले आहे.

मग त्या रात्री ते गायले ते कोणत्या बळावर? याचे उत्तर पौलांनीच पुढे त्याच फिलिप्पैकरांस पाठविलेल्या पत्रात सापडते. आणि ते पत्रही बंदिवासातूनच लिहिलेले आहे. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती. तेथल्या लोकांस रोमच्या नागरिकत्वाचा मोठा अभिमान असे. पौलही रोमन नागरिक; परंतु त्या नागरिकत्वाने त्यांची पाठ वाचविली नाही. म्हणून ते आपल्या प्रिय शिष्यांस समजावतात की, आपले खरे नागरिकत्व स्वर्गातील आहे आणि तेथून येणाऱ्या तारणाऱ्याची आपण वाट पाहत आहोत. हाच त्या स्तोत्राचा पाया होय. स्तुती ही सुखाच्या दिवसांची पावती नव्हे. आपला राजा कोण आणि आपण कोणाची प्रजा, हे अंधारात उभे राहून मोठ्याने सांगणे, हीच स्तुती. त्या राजाचे राज्य आरंभले आहे, पण अद्याप पूर्ण प्रकट झालेले नाही. म्हणूनच आपण ‘प्रभूच्या प्रार्थनेत’ रोज ते येवो असे मागतो. जे पूर्णपणे आलेले असते, ते कोणी मागत नाही.

ख्रिस्तराजाचा सण आपण दरवर्षी थाटाने साजरा करतो. तो कोणत्या काळात स्थापन झाला हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पहिले महायुद्ध संपून फार वर्षे लोटली नव्हती. रशिया, जर्मनी व ऑस्ट्रिया येथील सिंहासने कोसळली होती. स्वतः पोप महाशय व्हॅटिकनच्या भिंतींबाहेर पडत नसत. १८७० साली रोम गेल्यापासून १९२९ च्या करारापर्यंत पोप स्वतःस तेथील बंदीच समजत. अशा स्थितीत अकरावे पायस यांनी ११ डिसेंबर १९२५ रोजी, ज्युबिली वर्षाच्या अखेरीस, ‘क्वास प्रिमास’ हे परिपत्रक काढून हा सण नेमून दिला. जगातील राजे पडत असता, ज्याचे राज्य अढळ त्या राजाचा जयजयकार ख्रिस्तसभेने केला. तेही एक मध्यरात्रीचेच स्तोत्र होते.

कोणी म्हणेल, “फादर, हे सारे पुढचे झाले. आज हाती काय?” यावर मी नाशिक रोडचाच एक दाखला देतो. १९२८ सालापासून आपल्या येथे चलनी नोटांचा छापखाना आहे. आपल्यातील पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या या प्रेसवर चालला. प्रेसमध्ये आयुष्य घालविलेल्या माणसास विचारा, नोट म्हणजे काय? ती सोने नव्हे, चांदी नव्हे, कागदच. पण त्या कागदावर धारकास अमुक रुपये अदा करण्याचे वचन असते आणि वचनाखाली सही असते. त्या सहीच्या विश्वासावर आपण धान्य घेतो, लेकीचे लग्न करतो. वचनावर विसंबणे हा भोळेपणा असता, तर सारा बाजारच भोळा ठरता! ख्रिस्ताच्या राज्याची आशा हीही अशीच वचनावर उभी आहे. मात्र त्या वचनाखालची सही शाईची नाही, ती क्रुसावर रक्ताने झालेली आहे. तिसऱ्या दिवशी थडगे रिते झाले, तेव्हा ते वचन खरे असल्याची साक्ष पटली. शिवाय संत पौल सांगतात की, पवित्र आत्मा आपणांस विसार म्हणून मिळालेला आहे. जमिनीचा व्यवहार करणाऱ्यास विसाराचे मोल ठाऊक असते. ताबा मिळावयाचा असतो, पण व्यवहार पक्का झालेला असतो. आपण गातो ते या विसारावर.

आता अशा आशेने कोणी कधी तग धरला आहे काय, ते आपल्याच घरच्या इतिहासात पाहू. १९८७ सालापर्यंत नाशिक हे पुणे धर्मप्रांतात मोडत असे. १९०७ साली हाइनरिख डोरिंग हे जर्मन येशूसंघीय तेथील महागुरुस्वामी झाले. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि त्यांचा व त्यांच्या प्रजेचा वियोग झाला. युद्धामुळे त्यांस पुण्यास परतता आले नाही. इकडे नगर जिल्ह्यातील खेड्यांत राबणारे जर्मन धर्मगुरू सरकारच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचे ठरले. कित्येकांस नजरकैदेत ठेवण्यात आले आणि पुढे मायदेशी पाठविण्यात आले. ज्या गरीब, गावकुसाबाहेरच्या लोकांस त्यांनी प्रथमच ‘तुम्ही देवाची लेकरे’ म्हणून हाक मारली होती, त्यांच्यापासून ते एकाएकी दुरावले.

त्या काळी खेड्यांतील संध्याकाळची प्रार्थना कोणी चालविली असेल? जपमाळ कोणी धरली असेल? त्यांची नावे कोणत्याही शिलेवर कोरलेली नाहीत. गावचा धर्मशिक्षक, ज्याला लोक नुसते ‘मास्तर’ म्हणत, आणि दिवसभर दुसऱ्याच्या शेतात खुरपून आलेल्या आयाबाया, हेच त्या काळचे पौल आणि सीला. मेंढपाळ परत येईल की नाही हे त्यांस माहीत नव्हते. डोरिंग महाराजांस तर पुढे जपानात हिरोशिमाच्या कार्यावर धाडण्यात आले. परंतु १९२७ साली ते पुन्हा पुण्याचे धर्माध्यक्ष म्हणून आले आणि त्यानंतर सुमारे दोन दशके त्यांनी हा कळप सांभाळला. १५ मे १९८७ रोजी नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि त्याचे पहिले महागुरुस्वामी थॉमस भालेराव हे आपल्याच मराठी मातीतले येशूसंघीय होते. खेड्यातल्या त्या अंधारात कंदिलाच्या उजेडी प्रार्थना म्हणणाऱ्या आयांना हा दिवस दिसला नाही. तथापि त्या गात राहिल्या नसत्या, तर आपण आज येथे कोणता महोत्सव केला असता?

आशेसंबंधी आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. राज्य येणार आहे, तर आपण हात जोडून स्वस्थ बसावे, असे कोणास वाटेल. हबक्कूक संदेष्ट्याने आपल्या ग्रंथाच्या शेवटी म्हटले आहे की, अंजिराला फुलोरा आला नाही, वेलीवर द्राक्षे धरली नाहीत, गोठ्यात गुरे उरली नाहीत, तरीही आपण परमेश्वराच्या ठायी आनंद मानू. द्राक्षवेल रिकामी म्हणजे काय, हे नाशिक जिल्ह्याइतके कोणास कळेल? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट आपणांस आठवते. २०२३ च्या नोव्हेंबर अखेरीस पुन्हा अवकाळी पाऊस व गारा आल्या आणि निफाडकडील बागांतील घड मातीस मिळाले. तरी बागाईतदार काय करतो? एप्रिल आला की तो कात्री घेऊन बागेत शिरतो आणि खरड छाटणी करतो. ही छाटणी घड घेण्यासाठी नसते. ती पुढल्या हंगामाची काडी तयार व्हावी म्हणून असते. डोळ्यांसमोर फळ नाही, डोक्यावर कर्ज आहे, आणि तरीही तो येणाऱ्या हंगामावर विश्वास ठेवून राबतो. हबक्कूकाचा आनंद हा असा आहे. तो हसऱ्या चेहऱ्याचा नसेल, पण तो कात्री खाली ठेवीत नाही.

आता त्या तुरुंगाकडे परत वळू. कारण सांगावयाच्या दोन बाबी राहिल्या आहेत, आणि आजींचे उत्तर त्यांतच आहे.

दुसरी बाब ही की, पौल आणि सीला गात असता इतर बंदिवान ऐकत होते. संत लूक यांनी हे मुद्दाम नमूद केले आहे. ते बंदिवान गात नव्हते. कदाचित त्यांस ती स्तोत्रे येत नव्हती. कदाचित दुःखाने त्यांचा कंठ दाटला होता. पुढे भूकंप झाला, दारे उघडली, आणि बेड्या तुटल्या त्या कोणाच्या? फक्त गाणाऱ्यांच्या नव्हे; सर्वांच्या! जे गायले त्यांच्या आणि ज्यांनी केवळ ऐकले त्यांच्याही. ख्रिस्तसभा मध्यरात्री गाते ती स्वतःसाठी गात नाही. ज्याला गाता येत नाही, त्याच्या वतीने ती गाते.

तिसरी बाब कोठडीच्या नाईकाची. दारे उघडी पाहून तो जीव देण्यास निघाला होता. पौलांनी त्याला हाक मारून वाचविले. मग त्याच रात्री, त्याच घटकेस, त्याने त्या दोघांच्या जखमा धुतल्या, त्यांस घरी नेले आणि पान वाढले. ज्या हातांनी त्यांचे पाय खोड्यात घातले, त्याच हातांनी जखमा धुतल्या. ख्रिस्ताचे राज्य कसे दिसेल असे कोणी विचारले, तर हे चित्र दाखवावे. त्या राज्याची पूर्णता प्रभूच्या आगमनी होईल. पण त्याची पहाट जखम धुणाऱ्या हातांत आजही दिसते.

पवित्र शास्त्रात जुबिली म्हणजे बंदिवानांस मोकळीक आणि कर्जदारांस सूट देण्याचे वर्ष. म्हणूनच पोप फ्रान्सिस यांनी २०२५ च्या ज्युबिली वर्षासाठी आशेचे यात्रेकरू होण्याचा संदेश दिला, आणि २६ डिसेंबर २०२४ रोजी रोममधील रेबिबिया तुरुंगातही पवित्र द्वार उघडले. आपल्या महोत्सवानेही असे एखादे दार उघडावे. मंडप, रोषणाई आणि जेवणावळी झाल्यावर आपण विचारू या: जेल रोडच्या भिंतीआड असलेल्यांच्या बायकामुलांस आपण कधी भेटलो काय? महामारीत ज्या घरचा कर्ता गेला, त्या घरच्या मुलांची शाळा चालू आहे काय? फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला दूरदूरहून लोक नाशिक रोडला येतात. त्यांच्या जखमा धुण्यास आपले हात मोकळे आहेत काय? ही कामे न करता गायिलेले उपकारस्तोत्र सुरेल असेल, पण ते मध्यरात्रीचे नसेल.

आणि आजी, आपण या मंडपात मागच्या बाकावर बसला आहात, हे मी पाहिले आहे. त्या दिवशी मला बोलता आले नाही, आज बोलतो. देव आपणांवर रागावलेला नाही, आणि आम्हीही रागावणार नाही. आपण गाऊ नका. आपण फक्त ऐका. उद्या आम्ही सारे ‘ते देऊम’ गाऊ तेव्हा ते आपल्या मुलासाठीही असेल, कारण तो ज्या राज्याची वाट पाहत निजला, त्याच राज्याचा आम्ही जयजयकार करू. आमच्यापैकी कोणाचा कंठ पुढल्या वर्षी दाटेल, हे आज कोणास ठाऊक? तेव्हा कदाचित आपण आमच्या वतीने गाल. दारे उघडतील त्या पहाटे मात्र बेड्या सर्वांच्याच तुटतील, आणि त्या दिवशी आपला आवाज आमच्याहूनही मोठा असेल, अशी माझी खात्री आहे.

तो राजा येत आहे. तोवर आपण एकमेकांच्या जखमा धुऊ, आणि जो कोणी गाऊ शकेल तो गाईल.

पवित्र मरिया, आपल्या आईने, क्रुसाखाली उभे राहून पुनरुत्थानाच्या पहाटेची वाट पाहिली. तिच्या मध्यस्थीने परमेश्वर आपल्या धर्मग्रामास ही आशा देवो. आमेन.